विज्ञानकथा आणि राजकारण: ग्रंथालयाच्या तालिकेत नेमकं काय टंकायचं?

ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत (तिथले लोक तिला ओपॅक म्हणतात) ‘सायन्स फिक्शन पॉलिटिक्स’ असे तीन शब्द टाकून एंटर मारला, की मोठ्या ग्रंथालयात नोंदींचा ढीग येतो. त्यात निवडणुकांवरच्या थरारक कादंबऱ्या असतात आणि राज्यशास्त्राची पुस्तकंही. यंत्र चुकलेलं नसतं. राज्यशास्त्राचं इंग्रजी नावच ‘पॉलिटिकल सायन्स’, म्हणजे ‘सायन्स’ तिथे आलंच. कादंबरीच्या नोंदीत ‘फिक्शन’ असतंच. हे शब्द एका नोंदीत कुठेही विखुरलेले सापडले तरी तालिकेला ते पुरतं. तुमचा प्रश्न तिला कळत नाही. पुस्तकाला तालिकाकाराने लावलेली लेबलं तेवढी तिला कळतात. म्हणून पुढची सगळी खटपट ही लेबलं ओळखण्याची आहे.

एक सूचना आधीच: खाली इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत, पण परदेशी आणि बहुतेक विद्यापीठीय तालिकांमध्ये ते रोमन लिपीतच टंकायचे.

आधी कागद, मग संगणक

समजा विषय आहे ‘शीतयुद्धाच्या काळातली अमेरिकी विज्ञानकथा आणि राज्यसत्ता’. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात साहित्यप्रकाराची नावं: सायन्स फिक्शन, स्पेक्युलेटिव्ह फिक्शन, युटोपिया (आदर्श समाजाची कल्पना), डिस्टोपिया (तिच्या उलट, भयाण समाजाची कल्पना), अँटी-युटोपिया. दुसऱ्यात राजकारणाची: पॉलिटिक्स, स्टेट, टोटॅलिटेरियनिझम, अॅनार्किझम, इम्पीरियलिझम, कोल्ड वॉर. तिसऱ्यात मर्यादा: देश, भाषा, काळ. प्रत्येक रकान्यात चार-पाच शब्द पुरतात. वीस लिहिलेत तर पुढे त्यांचा हिशेब ठेवता येत नाही.

पहिला रकाना भरताना काळाचं भान ठेवा. ‘सायन्स फिक्शन’ हा शब्द १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मासिकांतून रुळला. त्याआधीच्या ब्रिटिश लेखनाला ‘सायंटिफिक रोमान्स’ म्हणत. त्यामुळे १९१० च्या एखाद्या कादंबरीवर ‘सायन्स फिक्शन’चं लेबल नसेल, ती ‘इंटरप्लॅनेटरी व्हॉयेजेस’, ‘इमॅजिनरी वॉर्स अँड बॅटल्स’ किंवा नुसत्या ‘युटोपियाज’ खाली बसलेली असेल. ‘एसएफ’ हे लघुरूप मात्र टाळा. सॅन फ्रान्सिस्कोही त्याच दोन अक्षरांत येतं.

पहिला शोध: मुद्दाम ढोबळ

आता ‘सायन्स फिक्शन’ हे दोन शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे ते सलग असतील तरच जुळतील. पुढे ‘अँड’, आणि मग कंसात दुसऱ्या रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडून. हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांत लिहा. काही तालिका लहान अक्षरांतला ‘ऑर’ साधा शब्द समजतात आणि शोध निष्फळ ठरतो. कंस विसरलात तर ‘ऑर’नंतरचे शब्द सुटे पडतात आणि शीतयुद्धावरचं प्रत्येक पुस्तक यादीत येतं. नवख्या माणसाची सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

शब्दाचं मूळ लिहून पुढे तारांकन (*) लावलं की त्याची सगळी रूपं येतात. ‘डिस्टोपिया’चा शेवटचा ‘ए’ काढून तारा लावला, तर एकवचन, अनेकवचन, विशेषण तिन्ही मिळतात. पण मूळ फार आखूड करू नका. ‘पॉलि-’पर्यंत छाटलं तर पोलिसही येतात. तारा सगळीकडे चालत नाही. काही जुन्या प्रणालींत त्याजागी प्रश्नचिन्ह असतं. तालिकेचं मदतीचं पान दोन मिनिटं वाचून घ्या, तासभर वाचतो.

‘नॉट’ वापरायचा मोह आवरा. ‘नॉट फिल्म’ लिहिलंत तर कादंबरी आणि चित्रपट दोन्हींवर लिहिलेलं उत्तम पुस्तकही गळतं, आणि ते गळल्याचं तुम्हाला कधीच कळत नाही.

पाचशेहून जास्त नोंदी आल्या तर काळ किंवा भाषेची गाळणी लावा. पाचाहून कमी आल्या तर एक रकाना सोडून द्या. या टप्प्यावर सगळं शोधायचं नाही. तुमच्या विषयाशी खरोखर जुळणारी दोन-तीन पुस्तकं सापडली की थांबा.

एक चांगली नोंद उघडा आणि तिथून मागे या

त्या दोन-तीन पुस्तकांची पूर्ण नोंद उघडा. ‘फुल रेकॉर्ड’, ‘डिटेल्स’ किंवा ‘मार्क व्ह्यू’ असं काहीतरी बटण असतं. मार्क म्हणजे ग्रंथालयांची संगणकात नोंद ठेवण्याची ठरावीक पद्धत. मार्क व्ह्यूमध्ये प्रत्येक ओळीआधी तीन आकडी क्रमांक दिसतो. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ५०५ म्हणजे अनुक्रमणिका (दिली असल्यास). ६०० म्हणजे विषय म्हणून आलेली व्यक्ती, ६५० म्हणजे विषयशीर्षक आणि ६५५ म्हणजे साहित्यप्रकार. तुमचं सोनं ६०० आणि ६५० मध्ये आहे.

जगातली बरीच विद्यापीठीय ग्रंथालयं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं वापरतात. ती ठरावीक शब्दांत, ठरावीक क्रमाने लिहिलेली असतात. आपल्या विषयाला ही वारंवार लागतात:

सायन्स फिक्शन -- हिस्टरी अँड क्रिटिसिझम
पॉलिटिक्स अँड लिटरेचर (पुढे बहुधा देश आणि शतक)
पॉलिटिक्स इन लिटरेचर
युटोपियाज इन लिटरेचर
डिस्टोपियाज इन लिटरेचर
कोल्ड वॉर इन लिटरेचर
इम्पीरियलिझम इन लिटरेचर
सायन्स फिक्शन फिल्म्स -- पॉलिटिकल आस्पेक्ट्स

देशानुसारची शीर्षकं उलटी लिहिलेली दिसतात: आधी ‘सायन्स फिक्शन’, मग स्वल्पविराम, मग ‘अमेरिकन’ किंवा ‘रशियन’. सुलटा क्रमही आढळतो. म्हणून अख्खं शीर्षक पाठ टंकण्यापेक्षा प्रगत शोधात ‘विषय’ हे क्षेत्र निवडून त्यात सुटे शब्द टाका, म्हणजे क्रम कसाही असो, नोंद सापडेल. आणि नोंदीतलं विषयशीर्षक बहुधा दुव्यासारखं असतं; त्यावर टिचकी मारली की त्या शीर्षकाची सगळी पुस्तकं समोर येतात. दोन-तीन नोंदींतून अशी पाच-सहा शीर्षकं जमली की शोधाचा कणा उभा राहिला.

आता या लेबलांची मर्यादा. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नियम असा आहे, की पुस्तकाचा साधारण २० टक्के तरी भाग ज्या विषयावर आहे त्यालाच शीर्षक द्यायचं. बारा लेखांच्या संपादित ग्रंथात तुमच्या विषयावर एकच लेख असेल तर तो सरळ आठ टक्क्यांवर आला. म्हणजे लेबल नाही, आणि विषयशोधात तो ग्रंथ दिसणारही नाही. यावर दोन उपाय आहेत. अनुक्रमणिकेतले शब्दही पकडणारा साधा ‘कीवर्ड’ शोध एकदा स्वतंत्रपणे करा. आणि हाथीट्रस्टच्या (ग्रंथालयांतल्या स्कॅन केलेल्या पुस्तकांचा ऑनलाइन संग्रह) पूर्णपाठ शोधात तेच शब्द टाका. पुस्तक वाचायला खुलं नसलं तरी कोणत्या पानांवर शब्द आला आहे ते तिथे कळतं.

कादंबरी हवी आहे की कादंबरीवरचं पुस्तक?

‘डिस्टोपियाज -- फिक्शन’ असं शीर्षक असेल तर ती स्वतः कादंबरी आहे. ‘डिस्टोपियाज इन लिटरेचर’ म्हणजे अशा कादंबऱ्यांवरचं समीक्षेचं पुस्तक. शेपटाला ‘हिस्टरी अँड क्रिटिसिझम’ असेल तर समीक्षा. ६५५ मध्ये ‘डिस्टोपियन फिक्शन’ किंवा ‘पॉलिटिकल फिक्शन’ असेल तर पुन्हा मूळ कलाकृती. हा फरक न कळल्यामुळे लोक समीक्षा शोधताना दोनशे कादंबऱ्या चाळत बसतात.

मूळ कादंबऱ्या विषयानुसार शोधणं अवघडच आहे. पूर्वी ललित पुस्तकांना विषयशीर्षकं फारशी देत नसत. लेखक आणि शीर्षक लिहिलं की नोंद झाली. १९५५ सालची एखादी कादंबरी हुकूमशाहीवर आहे हे तालिका तुम्हाला सांगेलच असं नाही. त्या कामासाठी विज्ञानकथेचा ऑनलाइन विश्वकोश, म्हणजे ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ सायन्स फिक्शन’ वापरा. १९७९ मध्ये तो छापील निघाला, २०११ पासून तो जालावर मोफत आहे, आणि त्यात राजकारण, युटोपिया अशा विषयांवर स्वतंत्र टिपणं आहेत. तिथून नावं घ्या आणि मग तालिकेत या.

नावांचे आणि शीर्षकांचे सापळे

जॉर्ज ऑर्वेलच्या राजकीय विचारांवर पुस्तकं हवी असतील तर लेखक-क्षेत्रात त्याचं नाव टाकून उपयोग नाही. तिथे त्याने लिहिलेली पुस्तकं येतात. विषय-क्षेत्रात नाव टाका, आणि शेपटाला ‘पॉलिटिकल अँड सोशल व्ह्यूज’ आहे का पाहा. व्यक्तीच्या नावाला लागणारं हे उपशीर्षक आपल्या विषयासाठी सर्वांत नेमकं, आणि तरीही फार थोडे लोक ते वापरतात. त्याच्या १९४९ च्या कादंबरीबद्दल शोधताना आकड्यात ‘१९८४’ लिहून थांबू नका. पहिल्या आवृत्तीवर शीर्षक अक्षरांत होतं आणि तालिकेतलं अधिकृत रूपही अक्षरांतच आहे. शिवाय आकड्यांत १९८४ साली छापलेली हजारो पुस्तकं येतात.

येवगेनी झाम्यातिनची ‘आम्ही’ हा तर सापळ्यांचा संग्रह आहे. १९२०-२१ मध्ये रशियनमध्ये लिहिलेली ही कादंबरी १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत आली आणि सोव्हिएत संघात छापली गेली ती थेट १९८८ मध्ये. तिचं इंग्रजी शीर्षक दोन अक्षरांचं, ‘वी’. इतका छोटा शब्द बऱ्याच प्रणाली शोधातून वगळतात. रशियन शीर्षकाचं रोमन रूप ‘एम-वाय’, म्हणजे इंग्रजीतला ‘माय’! एकट्या शीर्षकाने ती सापडणं जवळपास अशक्य. लेखकाचं नावही इंग्रजी पुस्तकांवर मध्ये ‘वाय’ घालून लिहितात, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत तिथे ‘आय-ए’ येतं. लेखकाचं नाव दोन्ही प्रकारे आणि सोबत शीर्षक, असंच शोधावं लागतं.

इंग्रजी शीर्षकाच्या सुरुवातीचा ‘द’ किंवा ‘अ’ वर्णक्रमात धरत नाहीत. अर्सुला ले ग्विनची १९७४ ची अराजकवादी समाजावरची कादंबरी ‘द डिस्पझेस्ड’ ही ‘डी’खाली पाहायची, ‘टी’खाली नाही. लेखिकेचं आडनाव मात्र दोन शब्दांचं आहे आणि ‘एल’खाली येतं.

कपाटाजवळ उभं राहून

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात विज्ञानकथेची सर्वसाधारण समीक्षा पीएन ३४३३ वर, अमेरिकी विज्ञानकथा पीएस ३७४ मध्ये एस ३५ वर, ब्रिटिश पीआर ८३० मध्ये एस ३५ वर, आणि विज्ञानपट पीएन १९९५.९ मध्ये एस २६ वर असतात. जुनी पुस्तकं पीएन ३४४८ मध्ये एस ४५ वर राहिलेली आढळतात. ग्रंथालयं जुने क्रमांक सहसा बदलत बसत नाहीत. राजकारणाच्या बाजूने आलात तर युटोपियांची कपाटं एचएक्स ८०६ ते ८११. म्हणजे एकाच विषयाची पुस्तकं वेगवेगळ्या मजल्यांवर.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ड्यूई दशांश पद्धत आहे. तिच्यात विज्ञानकथेची समीक्षा ८०९.३८७६२, अमेरिकी कादंबरी ८१३, इंग्लिश ८२३, आदर्श राज्याची कल्पना ३२१.०७ आणि मराठी साहित्य ८९१.४६. मराठी कादंबरी-कथा ८९१.४६३ वर येते आणि अनेक ग्रंथालयांत तिथेच संपते. विज्ञानकथेला वेगळा उपक्रमांक देण्याचा खटाटोप कोणी केलेला नसतो. तिथे कपाट चाळून काही हाती लागत नाही, लेखकांच्या नावानेच जावं लागतं.

मराठी पुस्तकं शोधताना

इथे अडचण लिपीची आहे आणि ती सोडवता येते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६० च्या दशकापासून दिल्लीतल्या कार्यालयामार्फत स्वतःसाठी आणि अमेरिकी विद्यापीठांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली, त्यामुळे शिकागो विद्यापीठासारख्या ठिकाणी मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. पण नोंदी एका ठरावीक रोमन लेखनपद्धतीत आहेत आणि आपण मोबाइलवर लिहितो तसं रोमन मराठी तिथे चालत नाही. ‘विज्ञान’ हा शब्द आपण ‘डी-एन-वाय’ घालून लिहितो. तिथे तो व्ही-आय-जे-एन-ए-एन-ए असा आहे, कारण ‘ज्ञ’ म्हणजे ज आणि ञ. अंत्य ‘अ’ गाळत नाहीत, म्हणून ‘राजकारण’ला शेवटी आणि मध्येही ‘ए’ लागतो: आर-ए-जे-ए-के-ए-आर-ए-एन-ए. ‘च’ साठी नुसता ‘सी’, ‘छ’ साठी ‘सी-एच’. दीर्घ ‘ई’ला दोन ‘ई’ नाहीत, एकच ‘आय’. ‘कादंबरी’तला अनुस्वार ‘ब’च्या आधी असल्यामुळे ‘एम’. अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं टंकायची गरज नाही, तालिका त्या दुर्लक्षून जुळवते.

देवनागरीत शोधायचं तर ‘विज्ञानकथा’ आणि ‘विज्ञान कथा’ असे दोन स्वतंत्र शोध करा. मधली मोकळी जागा यंत्राला फार मोठी वाटते. ‘विज्ञानसाहित्य’, ‘वैज्ञानिक कादंबरी’ हेही पाहा. ‘ऱ्य’ असलेले शब्द (‘दुसऱ्या’, ‘ताऱ्यांचा’) शोधात टाळा, कारण हा ‘ऱ’ संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी टंकला जातो आणि दिसायला सारखा असला तरी जुळत नाही. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये भरलेल्या नोंदी तर निव्वळ चिन्हांची खिचडी म्हणून दिसतात. लेखकाच्या रोमन नावाने कधीकधी त्याही सापडतात.

टोपणनावं तपासा. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आणि मराठी विज्ञानकथांचा मोठा भाग मासिकांत नि दिवाळी अंकांत आहे. तालिकेत अंकाची नोंद मिळेल, आतल्या कथेची नाही. त्यासाठी अंकांच्या अनुक्रमणिका चाळण्याला पर्याय नाही, हे आधीच मान्य करून वेळ राखून ठेवा. जुन्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची मराठी ग्रंथसूची हाताशी घ्या.

कुठे कुठे शोधायचं

स्वतःच्या ग्रंथालयापासून सुरुवात. मग जगभरच्या ग्रंथालयांचा एकत्रित शोध देणारं वर्ल्डकॅट. त्यात भारतीय ग्रंथालयं थोडीच आहेत, त्यामुळे ‘जवळच्या ग्रंथालयात नाही’ असं दिसलं तर विश्वास ठेवू नका. भारतीय विद्यापीठांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची (विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणारं केंद्र) एकत्रित तालिका, इंडकॅट, आहे. प्रबंधांसाठी त्यांचंच शोधगंगा: तिथे पूर्ण प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये मिळतो, पण मराठी प्रबंधाचं शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये असतं, तेव्हा दोन्ही करून पाहा. सर्वांत आधी प्रबंधाची संदर्भसूची उघडा. एखाद्या अभ्यासकाने चार वर्षं गोळा केलेली यादी तुम्हाला दहा मिनिटांत मिळते.

मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यात विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, पणजीत कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, हे चांगले साठे आहेत. जुन्या ग्रंथालयांत सगळा संग्रह संगणकावर चढलेला असतोच असं नाही. ‘कार्डांची तालिका कुठे आहे?’ हा प्रश्न काउंटरवर विचाराच.

परदेशात असाल तर विज्ञानकथेचे खास संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत, टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि लिव्हरपूल विद्यापीठात आहेत.

तालिकेत लेख नसतात, नियतकालिकाचं नाव तेवढं असतं. ‘एक्स्ट्रापोलेशन’ (१९५९ पासून), ‘फाउंडेशन’ (१९७२) आणि ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ (१९७३) यांतल्या लेखांसाठी एमएलए ग्रंथसूची (भाषा-साहित्यावरच्या संशोधनाची सूची) किंवा टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा विज्ञानकथा-संशोधनाचा मोफत माहितीसंच पाहा.

नोंदवही आणि मागणी

प्रत्येक शोधानंतर एक ओळ लिहा: तारीख, कोणती तालिका, टंकलेले शब्द जसेच्या तसे, किती नोंदी, किती ठेवल्या. तीन आठवड्यांनी तोच शोध नकळत पुन्हा होतो, त्यावर हा उपाय. निवडलेल्या नोंदी झोटेरोत (संदर्भ साठवण्याचं सॉफ्टवेअर) घ्या, पण लेखकाचं नाव लगेच तपासा. मराठी नावांत आडनाव आणि वडिलांचं नाव यांची अदलाबदल तिथे हमखास होते.

पुस्तक आपल्याकडे नसेल तर ग्रंथपालांना डेलनेटमार्फत (ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तकं देण्याचं जाळं) मागवायला सांगा. सभासदत्व संस्थेचं असतं, त्यामुळे विनंती ग्रंथालयातूनच जाते. चिठ्ठीवर लेखक, शीर्षक, आवृत्ती, वर्ष, आयएसबीएन आणि पुस्तक ज्या ग्रंथालयात दिसलं त्याचं नाव लिहा. स्वतः दुसऱ्या ग्रंथालयात जाणार असाल तर वर्गांकाबरोबर दाखल क्रमांकही (त्या प्रतीला ग्रंथालयाने दिलेला स्वतंत्र क्रमांक) टिपून न्या. बंद कपाटातलं पुस्तक काढायला कर्मचारी बऱ्याचदा तोच विचारतात.